शून्य रुपयांचं तिकीट

सत्काराच्या शाली ठेवायला आता माझ्या घरात जागा नाही. दिवाणात एक थप्पी आहे, कपाटावर एक आहे. तरी पुढच्या रविवारी कुणीतरी आणखी एक खांद्यावर टाकणार, हातात नारळ देणार, आणि फोटोसाठी आम्ही सगळे दोन मिनिटं दात दाखवत उभे राहणार. कारण काय, तर मी विमान उडवते. लातूरच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणारी मी बाई, चाळिशी ओलांडलेली, जिना चढताना गुडघे कुरकुरतात. पण माझ्याकडे खाजगी वैमानिकाचा परवाना आहे, आणि ही गोष्ट आमच्या दोन जिल्ह्यांत एकदा कळली की मग सुटका नाही. शिरूर अनंतपाळपासून नायगावपर्यंत ज्या कॉलेजला पाहुणा मिळत नाही, ते मला फोन करतं.

फ्लेक्सवर माझ्या नावाच्या आधी ‘कॅप्टन’ छापलेलं असतं. मी कॅप्टन नाही. सुरुवातीला मी सांगायची, बाबांनो, तेवढं खोडा. एक आयोजक म्हणाले, “मॅडम, छापून आलंय, आता कुठं खोडता? अन् पायलट म्हणजे कॅप्टनच की!” मग मी नाद सोडला. अर्धापूरला शाली संपल्या होत्या म्हणून त्यांनी केळीचा अख्खा घड दिला. तो खांद्यावर घेऊन मी नांदेडच्या स्टँडवर उभी होते, तर एक बाई जवळ येऊन म्हणाली, “कशी डझन?” असे आम्ही कॅप्टन.

भाषण मात्र मी चांगलं करते. हे मलाच सांगावं लागतं, कारण ऐकणारे ‘छान झालं, छान झालं’ म्हणतात आणि जेवणाकडं पळतात. पहिलं काम म्हणजे मी माइक बंद करायला लावते, कारण आमच्याकडचा माइक बोलण्यापेक्षा शिट्ट्याच जास्त मारतो. प्रोजेक्टर असतो, पण त्याची वायर कुणाच्या तरी घरी राहिलेली असते. मग मी मंचावरून खाली उतरते आणि पोरांना विचारते, “बसच्या खिडकीतून हात बाहेर कुणी कुणी काढलाय?” आधी सगळी गप्प बसतात, शिक्षक बसलेले असतात ना. मग हळूहळू हात वर होतात. “पंजा आडवा धरला आणि पुढची कड थोडी वर केली की काय होतं?” “वर उचलतोय!” “झालं तर. विमान त्याच्यावरच चालतं. बाकी सगळी बसायची सोय.” पोरं हसतात, आणि हसली की ऐकतात.

मग मी परवान्यावर येते. पायलट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठं विमान, टोपी आणि लाखाचा पगार येतो. तो परवाना वेगळा. माझा कसला, हे सांगायला मी जीप काढते. “तुमच्या मामाकडं जीप आहे. नंबरची पाटी पांढरी. मामा तुम्हाला बसवून औंढ्याला दर्शनाला नेतो. चालतंय का?” “चालतंय!” “येताना मामा रस्त्यावरची चार माणसं बसवतो अन् त्यांच्याकडून पैसे घेतो. चालतंय का?” “न्हाई!” मागून एखादा हमखास ओरडतो, “चालतंय की मॅडम!” त्याच्या घरी काळी-पिवळी आहे हे ओळखून घ्यावं. “पिवळ्या पाटीशिवाय सीटा मारल्या तर आरटीओ धरतो. माझा परवाना पांढऱ्या पाटीचा आहे. मी विमान उडवू शकते. आईबापाला, मैत्रिणीला शेजारी बसवू शकते. पण त्यांच्याकडून एक पैसा घेऊ शकत नाही. भाडं नाही, चहापाणी नाही, काही नाही.”

पुढचं मी बोटांवर सांगते. दिवसाउजेडी उडायचं, हवा साफ असताना, खालची जमीन डोळ्यांना दिसत असताना. रात्रीचं उडायचं तर ते वेगळं शिकावं लागतं. परवान्यावर ज्या जातीचं विमान लिहिलंय तेच चालवायचं. ट्रॅक्टर येतो म्हणून रोडरोलरवर चढायचं नाही. डोळे, कान, काळीज ठरल्या मुदतीत डॉक्टरकडून तपासून घ्यायचं. आणि शेवटची अट. शेजारी दुसरा माणूस बसवायचा असेल तर गेल्या तीन महिन्यांत तुम्ही निदान तीनदा उडून तीनदा नीट उतरलेलं असलं पाहिजे. कागद खिशात आहे म्हणून चालत नाही, हात ताजा लागतो.

एवढं सगळं झाल्यावर प्रश्न विचारा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, “मॅडम, पगार किती?” मघापासून मी काय सांगून राहिले? उदगीरला एक भुसार दुकानदार, भला माणूस, कार्यक्रमानंतर मला बाजूला घेऊन म्हणाला की लेकीच्या लग्नात वरून फुलं टाकायची आहेत, तुमचा काय रेट? मी म्हटलं, मला पैसे घेता येत नाहीत. तो खूष झाला. “मग तर लई चांगलं झालं!” त्याला वरून काही टाकायला वेगळी परवानगी लागते, हे समजावण्यात माझी बस गेली.

वैताग येतो. खरंच येतो. सोमवार ते शनिवार क्लास, दिवसाला सहा सहा तास फळ्यापुढं, घशाचं पार भुस्कट होतं, आणि रविवारी हे. तेच हात बाहेर काढणं, तीच जीप, तेच मामा. शेवटच्या अटीचं वाक्य तर मी गेलं वर्षभर घाईघाईत उरकत होते. कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. कारण एकच माणूस हिशेब लावू शकला असता, आणि ते माझ्या भाषणाला कधी आले नव्हते.

ते म्हणजे माझे वडील, आमचे अप्पा. लातूर-नांदेड रस्त्यावर आख्खी नोकरी कंडक्टर म्हणून केलेला माणूस. आष्टामोड, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळाकोळी, लोहा, सोनखेड, नांदेड; आणि उलट. झोपेतसुद्धा त्यांच्या तोंडी ही गावं असायची. तिकिटाच्या बाबतीत लई कडक. माझी आई एकदा पास घरी विसरून त्यांच्याच गाडीत बसली, तर त्यांनी चार माणसांत तिला पुरं तिकीट फाडलं. आई मरेपर्यंत ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायची, आणि अप्पा दर वेळी म्हणायचे, “मग? बिगरतिकिटी माणूस बायको असली म्हणून काय झालं?”

चार वर्षांपूर्वी मला परवाना मिळाला. पगारातून जमेल तसं, सुट्ट्यांमध्ये जमेल तसं शिकत शिकत मिळवलेला. त्या दिवशी मी पेढे घेऊन घरी आले आणि म्हटलं, “अप्पा, चला. तुमचा सगळा रस्ता तुम्हाला वरून दाखवते.” अप्पांचा चेहरा असा फुलला! मग एकदम विचारलं, “तिकिट किती?”

“तिकीट नाही. मला घेताच येत नाही.”

“मग म्या न्हाई येत.”

मी हसले. मला वाटलं ते थट्टा करताहेत. मी त्यांना पांढऱ्या पाटीची जीप सांगितली. खरं तर ते उदाहरण तेव्हाच सुचलं, त्यांच्यासाठी. अप्पा म्हणाले, “जीप मामाची असती. हे विमान तुझं हाय का? भाड्याचं हाय. भाड्याच्या गाडीत फुकट बसायचं म्हंजे फुकट्याच की. जल्मभर फुकट्यांना खाली उतरवलं, आता म्या चढू व्हय?” मी म्हटलं, “तुम्ही पैसे दिले तर माझा परवाना जाईल.” ते म्हणाले, “न्हाई दिलं तर माझी लाज जाईल.” दोघंही अडून बसलो. आज ना उद्या समजूत पटेल म्हणून मी सोडून दिलं. माणसं असंच सोडून देतात, आणि वर्षं जातात.

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, कडेकडेनं नजर जात राहील, औषध नेमानं घाला, गेलेलं वापस येत नाही. अप्पांनी त्यावर घरी येऊन मला एवढंच म्हटलं, “माय, रस्ता बघायचाय तर आता बघाया पायजे.” तिकिटाचा विषय मात्र त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. फक्त दर शनिवारी ते माझा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकू लागले. खाकीला कडक घडी घालायची त्यांची जुनी सवय. रविवारी भाषण नसलं की मी तो शर्ट घालून विमानतळावर जायची. मी परत आले की अप्पा विचारायचे, “किती चकरा मारल्या?” दोन म्हटलं की त्यांना बरं वाटायचं.

आता खरं सांगते. काही महिने मी गेले. मग क्लासनं रविवारच्या परीक्षा सुरू केल्या. मग डॉक्टरी तपासणीची मुदत संपली, ती मी वाढवली नाही. मग एक रविवार मोकळा मिळाला, तो शर्ट घालून मी स्कूटी काढली, विमानतळाच्या रस्त्याला न वळता क्लासवर गेले, रिकाम्या स्टाफरूममध्ये पंखा लावला आणि टेबलावर डोकं ठेवून तीन तास झोपले. उठले तेव्हा गालावर वहीच्या तारेचे वळ उमटले होते. घरी गेल्यावर अप्पांनी विचारलं, किती चकरा? मी म्हटलं, दोन.

तेव्हापासून दर मोकळ्या रविवारी तेच. कारण काही मोठं नव्हतं. थकले होते, बस्स. पण बापानं स्वतः इस्त्री केलेला शर्ट समोर असताना ‘मी थकले, मी नाही जात’ हे म्हणणं मला जमलं नाही. झोपणं जमलं. एकदा त्यांच्या हातून शर्टाची बाही जळाली, तपकिरी डाग पडला. मी त्यांच्यावर खेकसले, “लक्ष कुठं होतं तुमचं?” पुढच्या शनिवारी दुसरा शर्ट, तशीच कडक इस्त्री.

दिवाळीनंतर शिरूर अनंतपाळच्या एका कॉलेजचं बोलावणं आलं. अप्पा म्हणाले, “म्या येतो. तू काय बोलती एकदा ऐकू दे की.” मी नको नको म्हटलं. लांब आहे, धूळ आहे, जेवायला उशीर होईल. पण कंडक्टर माणसाला बसचा प्रवास लांब आहे हे कोण सांगणार? लातूरच्या स्टँडवर त्यांनी मला विचारलं, “कुठली लागली गं?” मी पाटी वाचून सांगितली. मला वाटलं, सवयीनं विचारताहेत.

कार्यक्रमात त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मी बोलायला उभी राहिले. बसच्या खिडकीतून हात बाहेर कुणी काढलाय म्हटल्यावर अप्पा बसल्या जागेवरून जोरात ओरडले, “हात आत घ्या!” सगळा हॉल हसला. मीसुद्धा हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला ते भाषण करायला बरं वाटलं. जीप आली, मामा आले, काळी-पिवळीवर अप्पांनी “हाव, हाव, बराबर” म्हणून मान डोलावली, कारण त्या काळी-पिवळ्यांनीच त्यांच्या सीटा पळवल्या होत्या. त्या भरात मी शेवटची अट घाई न करता सांगितली. तीन महिने, तीनदा उडणं, तीनदा उतरणं. बोलून गेले आणि मग माझं मलाच कळलं.

प्रश्न विचारा म्हटल्यावर अप्पा उभे राहिले. खुर्चीचा हात धरून, सावकाश.

“मॅडम,” मला म्हणाले, “म्या रिटायर कंडक्टर हाय. माझा एक सवाल हाय.” पोरं पुन्हा हसली. पण अप्पा थट्टा करत नव्हते, त्यांची मान ताठ होती. “तुमी ह्या तीन महिन्यांत किती येळा उडला, ते पोरांना सांगा. म्हंजे लायसन कसं जपावं लागतंय ते त्यांना कळंल.”

मला वाटलं, त्यांना उत्तर माहीत आहे. रविवारच्या दोन दोन चकरा त्यांनी मनात जमा करून ठेवल्या असणार. लेकीची बढाई लेकीच्याच तोंडून चार लोकांत ऐकायची असेल, एवढंच. ‘भरपूर’ म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पुढं शंभरेक पोरं बसली होती, नुकतंच त्यांना मी नियम सांगितले होते, आणि समोर हा म्हातारा उभा. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

मी म्हटलं, “एकदाही नाही.”

अप्पांना ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हटलं, “एकदाही नाही. सतरा महिने झाले, मी विमानाला हात लावलेला नाही. आज मी माझ्या वडलांनासुद्धा शेजारी बसवू शकत नाही.”

“बरं,” अप्पा म्हणाले. मग ते बसायला गेले आणि खुर्ची जराशी चुकली. शेजारच्या शिक्षकांनी धरलं म्हणून बरं. कुणीतरी घाईनं आभार मानायला उठलं. माझ्या खांद्यावर शाल पडली, अप्पांच्याही पडली, आणि आम्ही दोघं फोटोत उभे राहिलो.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर एक तरुण बाई होती. तिनं मला अर्धं तिकीट दिलं आणि अप्पांकडं बघून म्हणाली, “काका पंच्याहत्तरच्या वरचे ना? त्यांना पैसे नाहीत.” अप्पा ताठ झाले. “म्या फुकट बसत न्हाई.” ती हसली. “फुकट कुठं काका? तिकीट देते ना. शून्य रुपयांचं असतं.” मशीनमधून तिनं कागद काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. अप्पांनी तो बोटांनी चाचपला, घडी केली, वरच्या खिशात ठेवला. बऱ्याच वेळानं, मला नाही, खिडकीला सांगितल्यासारखं म्हणाले, “शून्याचं असलं तरी तिकिट असतंय. सीट मोजल्या जाती.”

लातूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दिवस कलला होता. रिक्षाकडं जाताना अप्पा थांबले.

“माय, बिगरतिकिटी माणसं म्या लई धरली. घरातलं मातुर धरता न्हाई आलं.”

माझा तोल गेला. स्टँडवर, येत्याजात्या माणसांत मी ओरडले, “थकले अप्पा मी! दिवसभर बोलून बोलून थकले. मला एक रविवार झोपायचं होतं. तुम्ही शर्ट घेऊन उभे! काय सांगू तुम्हाला?” आणि मग मला रडू आलं, मोठ्या बाईला येऊ नये तसं, नाक गळेपर्यंत.

अप्पांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, “थकली तर थकली म्हन की. झोप. म्या काय मारनार व्हतो? पर विमानतळावर गेले म्हनू नको.” आणि त्यांच्या खांद्यावरची सत्काराची शाल काढून माझ्या हातात दिली. “नाक पूस.”

रिक्षात बसल्यावर मीच विचारलं, “यायचंय का तुम्हाला अजून?”

“तिकिट असंल तर.”

“शून्य रुपयांचं चालेल?”

ते बराच वेळ विचारात पडले, नियमाचा प्रश्न होता. “चालंल,” म्हणाले. “पर सही लागंल.”

नंतरचे दोन महिने मी जे केलं त्यात सांगण्यासारखं काही नाही. डॉक्टरी तपासणी केली. क्लासमध्ये भांडून रविवार सोडवले. माझ्यापेक्षा कितीतरी लहान असलेल्या शिक्षकाशेजारी बसून पुन्हा पहिल्यापासून चुका केल्या, पहिल्या उतरण्याला विमान असं आदळलं की तो म्हणाला, “मॅडम, चाकं आहेत ना अजून?” पण हात वापस आला. एकटीनं तीनदा उडाले, तीनदा उतरले. घरी आल्यावर अप्पा काही विचारत नसत. मीच सांगायची, “आज एक चक्कर. वाईट झाली.” ते “हाव” म्हणायचे. आणि शनिवारी शर्ट असायचाच. एकदा त्याची बटणं एक घर सोडून लागलेली होती. मी गुपचूप नीट केली, म्हातारपण म्हणून.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी हवा काचेसारखी होती. सगळी परवानगी घेऊन मी अप्पांना विमानापाशी आणलं. त्यांनी पांढरं धोतर, कोट आणि टोपी घातली होती, लग्नाला निघाल्यासारखी. मी खिशातून तिकीट काढलं. जाड कागदावर मीच लिहिलेलं: लातूर ते लातूर. प्रवासी एक. भाडे शून्य रुपये. खाली सही.

अप्पांनी ते घेतलं, अंगठा फिरवला. “सही कुठं हाय?” मी त्यांचं बोट सहीवर टेकवलं. चष्मा घरी राहिला असेल असं वाटलं मला. मग त्यांनी कोटाच्या खिशातून एक वस्तू काढली, आणि मी बघतच राहिले. त्यांचा जुना चिमटा. तिकिटाला भोक पाडायचा, इतकी वर्षं कुठं ठेवला होता देव जाणे. टक् करून त्यांनी तिकिटाला भोक पाडलं. भोक माझ्या सहीच्या मधोमध पडलं. “चला,” म्हणाले, “डबल बेल.”

मी त्यांना उजवीकडं बसवलं, पट्टा बांधला, कानावर हेडफोन चढवला. धावपट्टी सुटली तेव्हा त्यांनी गुडघे घट्ट धरले होते. शहर खाली गेलं, विमान पूर्वेला वळवलं आणि नांदेड रस्ता दिसायला लागला. मी तो उजव्या हाताला ठेवला, त्यांच्या खिडकीत. त्यांची कडेची नजर गेली आहे हे माहीत होतं, म्हणून मी पंख जरासा त्या बाजूला कलवला. रस्ता सरळ त्यांच्या समोर यावा, त्यांना फक्त मान वळवावी लागावी. त्यांनी मान वळवली. कपाळ काचेला टेकवलं. बराच वेळ तसेच होते. हसत होते.

“ती बघ,” हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला, “आपली लाल गाडी चालली. आष्टामोडच्या अलीकडं. दिसून राहिली का तुला?”

मी बघितलं. रस्ता स्वच्छ होता, उन्हात पडलेला. लाल गाडी कुठंच नव्हती. उसाचा एक ट्रॅक्टर होता आणि एक पांढरी कार. अप्पा हसत होते. ‘हो’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? एवढा झिजलेला माणूस, एवढ्या वर्षांचा रस्ता, एक लाल गाडी त्यांच्या पदरात पडली तर कुणाचं काय जाणार होतं? शब्द माझ्या तोंडात आला होता.

“नाही अप्पा,” मी म्हटलं. “लाल गाडी नाही. उसाचा ट्रॅक्टर आहे.”

अप्पांनी कपाळ काचेवरून काढलं.

“हाव,” ते म्हणाले. “मला तरी कुठं दिसून राहिलं! दिवाळीपासनं समोरचंबी गेलं, माय. नुसता उजेड कळतोय. तू खरं सांगती का ते बघत व्हतो.”

माझे हात विमानाच्या दांड्यावर तसेच राहिले. स्टँडवरची पाटी, चुकलेली खुर्ची, शर्टाची बटणं, सगळं एकदम समोर आलं, आणि जळालेल्या बाहीवरून मी खेकसले होते तेही. विमान सरळ ठेवायचं असतं म्हणून ठेवलं.

“मग आलात कशाला?” माझा आवाज फाटला होता. “आधी का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तू म्हनली असती, आता काय उपेग. अन् पुन्हा जाऊन टेबलावर झोपली असती.” टेबलाचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. “गालावर वहीचे वळ घिऊन यायची तू. तवा दिसत व्हतं मला.”

त्यांनी खिशातलं तिकीट चाचपलं आणि कपाळ पुन्हा काचेला टेकवलं, दिसत असल्यासारखं.

“पैसे वसूल करून दे माझे,” म्हणाले. “तिकिट काढलंय म्या. सांग, कुठं आलो?”

मग मी सांगायला लागले. आष्टामोड, फाट्यावर दोन ट्रक उभे आहेत. पुढं हरभऱ्याचं रान, हिरवं. एक शेततळं आहे, त्यात पाणी अर्धं. चाकूर दिसतंय, पण धुरकट आहे, घरं ओळखू येत नाहीत. ते प्रत्येक गावाला “हाव” म्हणत होते. चाकूरवरून मी वळले आणि तेच सगळं उलट सांगत लातूरला आणलं. त्या सकाळी मी त्यांना एकही गोष्ट खोटी सांगितली नाही.